दुचाकी वाहनांच्या चाकांची व धातुपृष्ठांची स्वच्छता

मोटारसायकल, स्कूटर इ. दुचाकी वाहनांची चाके, निष्कास नळी, दांडे, एंजिनाचे आवरण वगैरे उघड्या भागांवरील चिखल, वंगण, ब्रेकची भुकटी, पाण्यातील लवणांचे डाग व गंज काढून टाकणे आणि तसे करताना मूळ धातूला अथवा तिच्यावरील संरक्षक लेपाला इजा पोहोचू न देणे, हे या स्वच्छतेचे उद्दिष्ट असते. यांपैकी पहिला भाग सोपा आहे. मळ काढणारी द्रव्ये पुष्कळ आहेत. दुसरा भाग अवघड आहे. कारण जे द्रव्य एका धातूला उजळा देते तेच दुसरीला खाऊन टाकते. या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. वाहनाची धातुपृष्ठे प्रत्येक पिढीत बदलत गेली. ती पुसण्याच्या सवयी मात्र आधीच्या पिढीतील धातूच्या राहिल्या. पितळेची सवय क्रोमियमला, पोलादाची सवय ॲल्युमिनियमला आणि कारखान्यातील सवय घरगुती अंगणाला लागू करण्यात आली, आणि त्यातून वाहनाचे व कधीकधी माणसाचेही नुकसान झाले. पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्याचा, विशेषतः माळेगाव बुद्रुक व त्याच्या आसपासचा नीरा डाव्या कालव्याखालील प्रदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण तेथे पाणी, माती, साखर कारखाना आणि दुचाकी वाहनांचा कारखाना हे या विषयाशी संबंधित चारही घटक थोड्या अंतरात एकत्र आलेले आहेत.

पारंपरिक पद्धती : महाराष्ट्रातील घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः तांब्या-पितळेची भांडी वापरात होती. ती घासण्यासाठी चिंच, लिंबू, आंबट ताक, चुलीतील राख, विटकरीची पूड व रांगोळी हे पदार्थ वापरीत. या पदार्थांची निवड अनुभवाने झालेली असली, तरी ती रसायनशास्त्राला धरून आहे. चिंचेत टार्टारिक व लिंबात सायट्रिक अम्ल असते. तांब्यावर हवेमुळे चढणारा ऑक्साइडाचा काळपट थर या सौम्य अम्लांत विरघळतो. पण हायड्रोजनाला अम्लातून मुक्त करण्याइतके तांबे क्रियाशील नसल्यामुळे खालची धातू जवळजवळ शाबूत राहते. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा काढते, तर विटकरीची पूड व रांगोळी ही अपघर्षके (घासून झीज घडविणारी चूर्णे) होत. भांड्याचा पत्रा जाड असल्याने थोडीशी झीज कोणाच्या लक्षातही येत नसे. चांदी-सोन्याच्या दागिन्यांना मात्र ही उग्र वागणूक दिली जात नसे. त्यांच्यासाठी रिठ्याचे पाणी वापरीत. रिठ्यातील सॅपोनिने ही फेस आणणारी द्रव्ये पृष्ठभागाला न खाता मळ सोडवितात. म्हणजे जाड धातूला अम्ल व घर्षण आणि मौल्यवान पातळ कामाला केवळ फेस, हा भेद घरातील स्त्रियांना पुरता ठाऊक होता.

कारागिरांनाही तो ठाऊक होता. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईच्या काळापासून वसलेल्या तांबटांचे मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर उमटविलेली चकचकीत नक्षी) प्रसिद्ध आहे. कल्हई करणारे कारागीर तापविलेल्या भांड्यावर नवसागर टाकून ऑक्साइड काढीत व लगेच कथिलाचा पातळ थर देत. कल्हई केलेले भांडे आतून चिंचेने व विटकरीने खसाखसा घासायचे नसते, नाहीतर कल्हई लवकर उडते, हा घरोघरी माहीत असलेला नियम पुढे मोटारसायकलच्या मुलाम्यालाही तंतोतंत लागू पडतो. मुलामा म्हणजे पातळ थर. मूळ धातूचा नियम त्याला लावता येत नाही. [⟶ कल्हई].

ब्रिटिश अमलात लष्करी छावण्या, रेल्वे व मोटारी यांच्याबरोबर तयार पॉलिशे आली. त्यांपैकी इंग्लंडमध्ये १९०५ मध्ये निघालेले ‘ब्रासो’ हे भारतात इतके रुळले, की पट्ट्याचे बक्कल, दारावरील पाटी व मोटारीचे पितळी भाग यांच्यासाठी तेच नाव सर्रास वापरले जाऊ लागले. खनिज तेलातील विद्रावक, अमोनिया व बारीक अपघर्षक चूर्ण यांचे हे मिश्रण नावाप्रमाणेच पितळेसाठी होते. पुढे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या पितांबरी या उद्योगाने तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चूर्ण बाजारात आणले व चिंचेची जागा बऱ्याच घरांत त्याने घेतली.

निकेल व क्रोमियमचा मुलामा : आरंभीच्या मोटारसायकलींचे सांगाडे काळ्या एनॅमलाने रंगविलेले असत व चकाकीचे भाग निकेलाच्या मुलाम्याचे असत. निकेलाच्या विद्युत् विलेपनाची व्यापारी पद्धत अमेरिकेत आयझाक ॲडम्स यांच्या १८६९ च्या एकस्वामुळे (पेटंटामुळे) रूढ झाली. निकेल पोलादाचे संरक्षण करते, पण स्वतः हवेत पिवळट व मंद होते. म्हणून ते वारंवार पॉलिश करावे लागे. क्रोमियमचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला असला, तरी त्याचा मुलामा खात्रीने देण्याची पद्धत अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२४ च्या सुमारास सिद्ध केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मोटारींच्या व मोटारसायकलींच्या झळकत्या भागांवर निकेलाची जागा क्रोमियमने घेतली. [⟶ विद्युत् विलेपन].

क्रोमियमच्या मुलाम्यासंबंधी एक गैरसमज फार पसरलेला आहे. चकाकणारा हा थर जाड व अभेद्य असावा असे पाहणाऱ्यास वाटते, प्रत्यक्षात शोभेच्या कामातील क्रोमियमची जाडी सामान्यतः अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही (मिमी. च्या दोन हजाराव्या भागापेक्षाही) कमी असते. पोलादाचे खरे संरक्षण त्याखालील १० ते ३० मायक्रॉन जाडीच्या निकेलाच्या थराकडून होते. क्रोमियमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा व छिद्रे असतात. त्यांतून क्लोराइडयुक्त ओलावा आत शिरला, म्हणजे आधी निकेल व मग पोलाद यांचे संक्षारण (रासायनिक विक्रियेमुळे होणारी झीज) सुरू होते व वर तपकिरी ठिपके दिसू लागतात. असे ठिपके दिसताच काथ्याने वा तारेच्या चोथ्याने ते घासले जातात. त्यामुळे गंज तात्पुरता निघतो, पण चकाकीवर कायमचे ओरखडे उठतात आणि उघडे पडलेले छिद्र अधिक रुंद होते. हायड्रोक्लोरिक अम्ल तर क्रोमियमलाच विरघळविते. विलेपनाच्या कारखान्यांत खराब झालेला जुना मुलामा उतरविण्यासाठी याच अम्लाचा उपयोग करतात. शौचालय व फरशी यांसाठी विकली जाणारी बरीच द्रव्ये याच अम्लाची असतात. त्यांनी रिम पुसली की ती क्षणभर लखलखते, कारण गंज व मुलामा हे दोन्ही एकाच वेळी विरघळत असतात.

भारतात स्वातंत्र्यानंतर दुचाकी वाहनांचे उत्पादन वाढले, तसे मुलाम्याचे हे तंत्र सर्वत्र पोहोचले. मद्रास येथे एनफील्ड इंडियाच्या बुलेटचे उत्पादन १९५५ मध्ये, तर म्हैसूर येथे जावा मोटारसायकलींचे उत्पादन १९६० नंतर सुरू झाले. जावाच्या पेट्रोल टाकीच्या दोन्ही बाजू क्रोमियमने मढविलेल्या असत. राजदूत मोटारसायकल १९६२ पासून निघू लागली व दुधाचे कॅन अडकविलेली राजदूत हे पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांवरील नेहमीचे दृश्य झाले. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने स्कूटर तयार केल्या. १९७२ मध्ये तिची चेतक ही स्कूटर निघाली. त्याच वर्षी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील कायनेटिक एंजिनिअरिंगने लूना हे हलके वाहन आणले. या कारखान्यांना भाग पुरविणारे मुलाम्याचे अनेक लघुउद्योग पिंपरी-चिंचवड परिसरात उभे राहिले. या उद्योगांची दुसरी बाजूही आहे. मुलाम्याच्या परंपरागत विद्रावात षट्संयुजी क्रोमियम असते. त्याची संयुगे मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये दिला. वाहनावर बसलेला मुलामा धातुरूप असल्याने तो हाताळण्यास निर्धोक असतो. पण तो उडाला तर पुन्हा देण्यासाठी या विषारी विद्रावाकडेच जावे लागते. म्हणून असलेला मुलामा टिकविणे ही केवळ मालकाच्या हौसेची बाब राहत नाही.

नीरा कालव्याखालील प्रदेश : बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. भाटघर धरणातून पाणी घेणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व या कोरडवाहू प्रदेशात ऊस आला. काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीला बारमाही पाणी मिळू लागताच भूजलाची पातळी वर आली, त्याबरोबर खोलवरची लवणेही वर आली आणि काही दशकांतच कालव्याकाठच्या जमिनी खारवट व चोपण होऊ लागल्या. मुंबई इलाख्यातील सिंचनाच्या अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये जी विशेष शाखा निर्माण करण्यात आली, तिच्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र विकसित झाले. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. अवर्षण, क्षारता वगैरे ताणांचा पिकांवरील परिणाम हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे.

जमिनीचा हा इतिहास वाहनाच्या चाकाशी थेट जोडलेला आहे. उसाच्या फडातून आलेल्या मोटारसायकलीच्या रिमला व आऱ्यांच्या मुळाशी जो चिखल चिकटतो, त्यात क्लोराइडे व सल्फेटे असतात. तो वाळून तसाच राहिला, तर रात्रीच्या दवाने पुन्हा ओला होतो आणि आऱ्यावरील जस्ताचा पातळ थर खाल्ला जातो. धुण्यासाठी विहिरीचे वा विंधन विहिरीचे पाणी घेतले, तर ते बहुधा जड (कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असलेले) असते. उन्हात तापलेल्या धातूवर ते वाळताच पांढरे डाग पडतात. हे डाग खरवडण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजी चाक सावलीत गार होऊ देणे, साठविलेल्या पावसाच्या पाण्याने शेवटचे धुणे करणे आणि मऊ फडक्याने लगेच कोरडे करणे, एवढ्याने डाग पडण्याचेच टळते. समुद्रकाठच्या कोकणात जे काम खारा वारा करतो, तेच काम देशावरील या पट्ट्यात खारवट माती करते. म्हणून येथे चाक वरचेवर साध्या पाण्याने धुणे हे कोणत्याही पॉलिशापेक्षा महत्त्वाचे ठरते.

खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे व वाहने धुऊन त्यांची पूजा करण्याची महाराष्ट्रातील प्रथा येथेही पाळली जाते. वर्षभर साचलेला मळ एकाच दिवशी निघावा म्हणून त्या दिवशी उग्र द्रव्ये वापरली जातात, हे या प्रथेतील व्यावहारिक न्यून होय. पूजेत लावलेले हळद-कुंकू ओले राहिल्यास रंगावर डाग पाडते. तेव्हा ते दुसऱ्या दिवशी पाण्याने धुऊन टाकणे इष्ट असते.

साखर कारखाना व निरोधके : माळेगाव बुद्रुक येथील शिवनगर परिसरात माळेगाव सहकारी साखर कारखाना विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात उभा राहिला. साखर कारखान्याचा व वाहनाच्या चाकाचा संबंध वरकरणी दूरचा वाटतो. पण धातू न दुखविता मळ काढण्याची कला साखर उद्योगात फार आधी विकसित झाली होती. उसाचा रस आटविणाऱ्या बाष्पित्रांच्या नळ्यांत हंगामात कठीण कीटण बसते. ते काढण्यासाठी अशा कारखान्यांत प्रथम कॉस्टिक सोड्याचा विद्राव उकळवितात व नंतर विरल हायड्रोक्लोरिक अम्ल फिरवितात. नुसते अम्ल नळ्यांनाही खाईल म्हणून त्यात निरोधक (धातूच्या पृष्ठावर बसून तिची झीज थांबविणारे द्रव्य) मिसळतात. निरोधकाच्या आरंभीच्या एकस्वांपैकी एक ब्रिटनमधील बाल्डविन यांचे १८९५ चे असून त्यात पोलादाचे पत्रे अम्लात धुताना मळी (साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा चिकट द्रव) व वनस्पती तेले मिसळण्याची सूचना होती. ज्या मळीपासून मद्यार्क तयार करतात तीच धातूचे रक्षणही करू शकते, ही गोष्ट ऊसपट्ट्यातील वाचकास कुतूहलाची वाटेल. जुन्या मोटारसायकलींचे जतन करणारे जगभरचे हौशी लोक गंजलेले पोलादी भाग मळीच्या पातळ विद्रावात काही आठवडे बुडवून ठेवतात. मळीतील कार्बनी संयुगे लोहाच्या ऑक्साइडाला हळूहळू बांधून विरघळवितात व चांगले पोलाद मागे राहते. ॲल्युमिनियम व जस्त यांना मात्र हा विद्राव मानवत नाही.

सायट्रिक अम्लाचा इतिहासही साखरेशी निगडित आहे. ते पूर्वी लिंबापासून काढीत. बुरशीच्या साहाय्याने शर्करेपासून ते मिळविता येते, असे जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखविल्यावर ते स्वस्त झाले आणि आजच्या अनेक सौम्य गंजनाशकांचा व डागनाशकांचा तेच आधार आहे. घरातील लिंबाने जे काम होई तेच ते करते. मात्र विद्राव विरल असला पाहिजे व तो धातूवर वाळू देता कामा नये.

कारखान्यातील ही शिस्त गावात आली नाही. अम्ल मात्र आले. निरोधक नसलेले, प्रमाण न मोजलेले व हातमोज्यांशिवाय वापरलेले अम्ल गॅरेजांत व अंगणांत वापरले जाऊ लागले. अम्लहल्ल्यांच्या संदर्भातील ‘लक्ष्मी विरुद्ध भारत संघ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी अम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख व कारण नोंदविणे आवश्यक ठरले आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री करण्यास मनाई झाली. या निर्बंधांचा हेतू वेगळा असला, तरी अम्ल ही सहज हाती धरण्याची वस्तू नव्हे, हे त्यामुळे सर्वसामान्यांपुढे आले.

साबण, सोडा व ॲल्युमिनियम : ॲल्युमिनियम स्वस्तात मिळविण्याची विद्युत् विच्छेदनाची पद्धत हॉल व एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढली. भारतात ॲल्युमिनियमची भांडी करण्यास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये सुरुवात झाली. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते, हा अनुभव तेव्हापासून घरोघरी आला. त्याचे कारण असे : ॲल्युमिनियमवर काही अब्जांश मीटर जाडीचा ऑक्साइडाचा थर आपोआप तयार होतो व तोच तिचे कवच असतो. हा थर साधारणपणे ४ ते ८·५ या पीएच मूल्यांच्या (अम्लता व क्षारता दर्शविणाऱ्या अंकांच्या, ७ हा अंक उदासीन) दरम्यान टिकतो. त्यापलीकडे तीव्र अम्ल व तीव्र क्षार (अम्लाशी विक्रिया होऊन लवण देणारा पदार्थ) या दोहोंतही तो विरघळतो आणि धातू उघडी पडून हायड्रोजनाचे बुडबुडे निघू लागतात. पोलाद क्षाराला दाद देत नाही, ॲल्युमिनियम देते. धातू बदलली की नियम बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

भारतात साबणाऐवजी संश्लिष्ट प्रक्षालक चूर्णे प्रचारात आली ती १९५० नंतरच्या दशकात. ‘सर्फ’ १९५९ मध्ये आले आणि अहमदाबादच्या ‘निरमा’ने १९६९ पासून स्वस्त चूर्ण घराघरांत नेले. कपड्यांसाठीच्या अशा चूर्णांत सोडा ॲशचे प्रमाण मोठे असते. कपड्याला ते योग्यच आहे. परंतु त्याच बादलीतील उरलेल्या पाण्याने मोटारसायकल धुण्याची सवय पडली, तेव्हा एंजिनाचे ॲल्युमिनियमी आवरण करडे व ठिपकेदार होऊ लागले व रंगावरील मेणाचा थरही निघून जाऊ लागला.

चाके पोलादी आऱ्यांची होती तोपर्यंत हे नुकसान मर्यादित होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय मोटारसायकलींवर ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूची ओतीव चाके व पुढील चाकास तबकडी ब्रेक ही जोडी सर्रास आली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीच्या कारखान्यातून १९९९ पासून तीनचाकी वाहने, २०१२ पासून पोलादी पत्र्याच्या अंगाची व्हेस्पा स्कूटर आणि २०१६ पासून मिश्रधातूच्या मोठ्या चाकांची एप्रिलिया स्कूटर तयार होऊ लागली. म्हणजे ज्या तालुक्यात राजदूतच्या क्रोमियमी रिमा चिंचेने घासल्या गेल्या, तेथेच नव्या प्रकारची चाके रस्त्यावर उतरू लागली. ओतीव चाक बहुधा उघड्या धातूचे नसते. त्यावर रंग व पारदर्शक लॅकर यांचे थर असतात. त्यामुळे स्वच्छ करावयाचे असते ते लॅकर, धातू नव्हे. लॅकर एकदा चिरले, की त्याच्या कडेखालून ओलावा शिरतो व किड्याने कोरल्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरत जातात. घासून त्या जात नाहीत.

तबकडी ब्रेकमुळे चाकावर लोखंडाचे सूक्ष्म कण उष्ण स्थितीत उडून चिकटतात व तेथेच गंजतात. ते काढण्यासाठी थायोग्लायकोलिक अम्लाची अमोनियम वा सोडियम लवणे असलेली द्रव्ये वापरतात. ती जवळजवळ उदासीन असून लोहाशी जांभळ्या रंगाचे जटिल संयुग बनवितात. रंग दिसला की क्रिया होत आहे हे कळते. वास उग्र असला तरी अम्लांच्या तुलनेत ती लॅकरला पुष्कळच सौम्य असतात.

घातक द्रव्ये : चाकाच्या मळात वाळूचे व सिलिकेटांचे कण असतात. ते झटपट विरघळविण्याचा गुण हायड्रोफ्ल्युओरिक अम्लात आहे. ते काचही खाते. या अम्लाचा तपशीलवार अभ्यास शेले यांनी १७७१ मध्ये केला. चाके व ट्रकचे ॲल्युमिनियमी भाग ‘न घासता’ चमकविणाऱ्या काही व्यावसायिक द्रव्यांत ते अथवा अमोनियम बायफ्ल्युओराइड असते. हे लवण पाण्यात विरघळताच तेच अम्ल तयार होते. विरल अम्ल कातडीवर पडले तर ताबडतोब आग होत नाही. वेदना काही तासांनी, कधीकधी २४ तासांपर्यंत उशिरा सुरू होतात. तोपर्यंत फ्ल्युओराइड आयन खोल ऊतकांत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकतात. तीव्र अम्लाने तळहाताएवढा भाग भाजला तरी रक्तातील कॅल्शियम घटून हृदयक्रिया बंद पडण्याचा संभव असतो. भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटाचा मलम लावणे व विनाविलंब रुग्णालयात जाऊन द्रव्याचे नाव सांगणे, हे त्यावरील उपाय होत. धुलाई केंद्रांवर दिवसभर उघड्या हातांनी काम करणाऱ्या तरुणांना बाटलीत काय आहे हे माहीत नसणे, हा या विषयातील सर्वांत गंभीर धोका आहे. घरगुती उपयोगात या द्रव्याला स्थान नाही.

वंगण काढणाऱ्या विद्रावकांचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे एके काळी पेट न घेणारे उत्तम विद्रावक मानले जाई. ते यकृतास विषारी व ओझोन थरास घातक ठरले. माँट्रिऑल करारानुसार भारताने काही अपवाद वगळता त्याचा वापर १ जानेवारी २०१० पासून बंद केला. ट्रायक्लोरोएथिलीन कर्करोगकारक असल्याचे २०१२ मध्ये निश्चित झाले. रॉकेलने साखळी पुसणे धातूला अपायकारक नाही. पेट्रोल मात्र रबराच्या कड्या बिघडविते व त्याची वाफ ठिणगीने पेटते. जुन्या वाहनांच्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टस असे. ड्रममधील भुकटी दाबलेल्या हवेने उडविण्याची गॅरेजांतील पद्धत त्यामुळे फुप्फुसांना घातक होती. ती ओल्या फडक्याने पुसून काढणेच योग्य होय.

अम्ल आणि विरंजक चूर्ण वा त्याचा द्रव यांचा संयोग झाला तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. म्हणून एका द्रव्याने काम न झाल्यास त्यावरच दुसरे ओतू नये.

निवडीची तत्त्वे : द्रव्याची निवड मळावरून नव्हे, तर पृष्ठावरून करावी. रंग व लॅकर यांना उदासीन साबणद्रव आणि भरपूर पाणी पुरेसे असते. क्रोमियमला तेच द्रव्य व क्वचित अतिशय बारीक अपघर्षक असलेले क्रोमियमचे पॉलिश चालते; अम्ल व तारेचा चोथा चालत नाही. उघड्या ॲल्युमिनियमला तीव्र अम्ल व सोडा ही दोन्ही वर्ज्य होत. ॲनोडीकरण केलेल्या भागाला विशेषेकरून क्षार वर्ज्य आहे. अगंज पोलाद अम्लाला बऱ्यापैकी टिकते, पण क्लोराइड व विरंजक द्रव यांनी त्यावर खड्डे पडतात. मंद काळ्या रंगावर मेण किंवा पॉलिश लावू नये. ते ठिकठिकाणी चमकते व निघत नाही.

बाटलीवर घटक लिहिलेले नसल्यास दोन घरगुती परीक्षा उपयोगी पडतात. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदावर थेंब टाकल्यास क्षारामुळे तो लालसर होतो. हळदीपासून कुंकू करताना घडणारी विक्रिया हीच. साधा साबणही कागद लाल करतो, तेव्हा यावरून क्षाराची तीव्रता कळत नाही. पण कागद पिवळाच राहिला तर क्षारापासून भय नाही असे समजावे. शहाबादी फरशी चुनखडकाची असल्याने तिच्या टाकाऊ तुकड्यावर अम्लाचा थेंब फसफसतो. फ्ल्युओराइडाची ओळख मात्र या परीक्षांनी पटत नाही. म्हणून ‘अम्लयुक्त’ एवढेच लिहिलेली किंवा काहीच न लिहिलेली सुटी बाटली घेऊच नये.

कोणतेही द्रव्य प्रथम चाकाच्या आतील, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. चाक गार असावे, द्रव्य वाळू देऊ नये व नंतर पाण्याने पूर्ण धुवावे. ब्रेकची तबकडी, अस्तर व टायरची रस्त्यावर टेकणारी बाजू यांना पॉलिश, मेण, सिलिकोन वा तेल लागता कामा नये. त्यामुळे ब्रेक पकडत नाही व चाक घसरते. धुऊन झाल्यावर वाहन सावकाश थोडे चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करावेत. धुतलेले पाणी विहिरीजवळ वा कालव्यात जाऊ देऊ नये. ज्या प्रदेशात जमिनीला आधीच लवणांचा भार सोसावा लागत आहे, तेथे तेल व अम्ल यांची त्यात भर घालणे अहिताचे होय. नियमितपणे साध्या पाण्याने धुतलेल्या, कोरड्या पुसलेल्या व वर्षातून एक-दोनदा मेणाचा पातळ हात दिलेल्या चाकाला उग्र द्रव्याची गरज सहसा पडत नाही.